बाळदम्याचे निदान आणि सहा मिनिटांची धाव

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा छातीच्या विकारांशी आलेला संबंध आजकालचा नव्हे. क्षयरोगावर गुणकारी औषध उपलब्ध नव्हते आणि हवापालट हाच काय तो खरा इलाज मानला जात होता, त्या काळात मुंबईचे रुग्ण पसरणीचा घाट चढून पाचगणीस येत आणि तेथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली सुरू केलेल्या आरोग्यधामात महिनेच्या महिने डोंगराची हवा खात पडून राहत; इकडे मिरजेस १८९४ मध्ये रुग्णालयाचा पाया घालणारे डॉ. विल्यम वॉनलेस यांचे नाव धारण करणाऱ्या, सांगली आणि मिरज यांच्या मधोमध वसलेल्या वॉनलेसवाडीतही क्षयग्रस्तांची अशीच सोय झाली होती. पुढे औषधे आली आणि केवळ हवेवर भिस्त ठेवण्याचे दिवस सरले, ते योग्यच झाले. परंतु ज्या हवेवर आपल्या वाडवडिलांनी उपचार म्हणून भरवसा ठेवला, ती हवा निदानाचे साधन म्हणूनही, निदान वर्षाचे काही महिने, उपयोगी पडू शकते. आणि ज्या विकाराच्या निदानासाठी तिचा असा उपयोग होण्याजोगा आहे, तो मुलांचा दमा या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी खोकत असतानाही आमच्या आरोग्यव्यवस्थेने या गोष्टीची पुरेशी दखल घेतल्याचे दिसत नाही.

मुलांना दमा होतो हे आपल्याकडे कोणास ठाऊक नाही असे मुळीच नाही. ते सर्वांस ठाऊक असते, फक्त स्वतःच्या मुलाच्या बाबतीत ते कबूल करावयाचे नसते. रात्रभर ढास लागलेले पोर सकाळी दवाखान्यात नेले की त्याच्या खोकल्यास कधी ‘अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस’, कधी ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’, तर कधी नुसता ‘कफ’ असे सौम्य नाव मिळते, कारण ‘बाळदमा’ हा शब्द उच्चारताच आईच्या डोळ्यांना धार लागेल, आजी ‘आमच्या घराण्यात हे कुणाला नव्हतं हो’ म्हणेल आणि मंडळी दुसऱ्या दवाखान्याची वाट धरतील, हे डॉक्टरही पुरते जाणून असतात. मुलगी असेल तर विचार थेट तिच्या लग्नापर्यंत जाऊन पोहोचतो. पंप घेतला की त्याची सवय लागते, ही समजूत तर सुशिक्षितांच्या घरांतही ठाण मांडून बसलेली आहे. या सगळ्याचा परिणाम काय होतो, तो जागतिक अस्थमा नेटवर्कने भारतातील मुले आणि त्यांचे पालक यांची जी पाहणी केली आणि जी २०२२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात स्वच्छ उमटला आहे: ज्यांच्या छातीत घरघर होती त्यांच्यापैकी सुमारे ८२ टक्के लोकांना दम्याचे निदान कधी झालेलेच नव्हते, आणि श्वासावाटे घ्यावयाचे स्टिरॉइड रोज घेणारे त्यांच्यात शेकडा अडीचदेखील नव्हते.

याच्या अगदी उलट असाही एक अपराध घडत असतो, आणि त्याचा बोभाटा मात्र होत नाही. सर्दी उतरून छातीत किंचित घरघर झाली की लगेच वाफेचे यंत्र लावावयाचे, दोनदा तसे झाले की दम्याचा शिक्का मारावयाचा, आणि मग त्या मुलास धावू द्यावयाचे नाही, दही-केळे द्यावयाचे नाही, पावसात सोडावयाचे नाही, असा बंदोबस्त कायमचा सुरू होतो. अमेरिकेतील टुसॉन येथील प्रसिद्ध अभ्यासात असे आढळले होते की, तीन वर्षांच्या आत ज्या बालकांना घरघर झाली त्यांपैकी जवळजवळ ६० टक्क्यांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत आपोआप थांबली. तेव्हा ज्यास दमा आहे त्यास तो नाही म्हणणे आणि ज्यास नाही त्यास तो आहे म्हणणे, हे दोन्ही दोष एकाच मुळापासून उपजतात. निदान अंदाजावर होते. मोजमापावर होत नाही.

आता मोजमाप करावयाचे म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगणे प्राप्त आहे. पाच वर्षांच्या पुढचे मूल बहुधा स्पायरोमीटर नावाच्या यंत्रात जोराने फुंकर मारू शकते, आणि त्या फुंकरीच्या पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली यावरून श्वासनलिका मोकळ्या आहेत की आवळलेल्या, हे कळते. मग साल्ब्युटामॉलचा पंप देऊन पुन्हा फुंकर मारावयास सांगावयाचे, आणि आकडा १२ टक्क्यांनी वाढला तर दम्याच्या पक्षात एक भक्कम दाखला मिळाला असे धरावयाचे. युरोपीय श्वसनविकार संस्थेने २०२१ साली पाच ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही केवळ लक्षणांवर किंवा केवळ औषध देऊन पाहण्यावर निदान करू नये, आधी या चाचण्या कराव्यात, असेच बजावले आहे. परंतु दमा हा लपंडाव खेळणारा रोग आहे. रात्री तीन वाजता ज्याचा जीव घाबरा झाला होता, तो मुलगा सकाळी अकरा वाजता दवाखान्यात हसतखेळत फुंकर मारतो आणि आकडा शंभर टक्के येतो. आईबापांनी सांगितलेली लक्षणे ही फिर्यादीची कैफियत. पण घटनास्थळी पंच पोहोचतात तेव्हा तेथे काहीच घडलेले नसते. अशा वेळी डॉक्टरांपुढे एकच मार्ग उरतो: देखरेखीखाली, मोजक्या प्रमाणात, श्वासनलिकांना मुद्दाम डिवचून पाहणे. यालाच श्वासनलिकांची उद्दीपन-चाचणी म्हणतात, आणि तिचे मुख्य प्रकार तीन.

पहिला प्रकार मिथॅकोलिनचा. असे एखादे द्रव्य हुंगवून श्वासनलिका आवळतात का हे पाहण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील तिफनो यांनी १९४० च्या दशकात असिटिलकोलिन वापरून ती रुजवली, आणि मिथॅकोलिन हे त्याच कुळातील कृत्रिम द्रव्य होय. त्याची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवीत जावयाची, प्रत्येक टप्प्याला फुंकर मोजावयाची, आणि आकडा २० टक्क्यांनी घसरला की थांबावयाचे. ही घसरण दर मिलिलिटरला ८ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी तीव्रतेच्या द्रावणाने झाली तर श्वासनलिका अतिसंवेदनशील ठरतात, आणि १६ पर्यंत जाऊनही काही झाले नाही तर त्या निरोगी मानल्या जातात. ही चाचणी रोग सहसा निसटू देत नाही. लक्षणे असलेल्या आणि औषध चालू नसलेल्या मुलात ती नकारात्मक आली तर दम्याचा विचार बव्हंशी सोडून देता येतो, हा तिचा मोठा गुण. दोष असा की ती दिसेल त्यावर संशय घेते. नुसती नाकाची अ‍ॅलर्जी असलेले, नुकत्याच तापासर्दीतून उठलेले, अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले, अशी कितीतरी मुले तिच्या जाळ्यात सापडतात. कारण उघड आहे: हे द्रव्य श्वासनलिकेच्या स्नायूवर थेट जाऊन बसते, आणि स्नायू आवळू शकतो एवढेच सिद्ध करते, त्या मुलाच्या छातीत दम्याची दाहक्रिया खरोखर चालू आहे का, हा प्रश्न ते विचारतच नाही. शिवाय द्रव्य शुद्ध हवे, मात्रा अचूक सोडणारे उपकरण हवे, प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा. आपल्याकडे ही सामग्री मोठ्या शहरांतील निवडक प्रयोगशाळांच्या बाहेर फारशी आढळत नाही.

दुसरा प्रकार मॅनिटॉलचा, सिडनीच्या सँड्रा अँडरसन यांच्या संशोधनातून पुढे आलेला. ही कोरडी साखरेसारखी भुकटी कॅप्सूलमधून श्वासावाटे आत ओढावयाची, ५ मिलिग्रॅमपासून चढत चढत एकंदर ६३५ मिलिग्रॅमपर्यंत. ती श्वासनलिकेच्या अस्तरातील पाणी शोषते, तेथील पेशी खवळून स्वतःची रसायने सोडतात, आणि आकडा १५ टक्के घसरला की चाचणी सकारात्मक. तत्त्व उत्तम आहे. मात्र नऊ-दहा वर्षांच्या पोरास एकामागून एक भुकटी ओढावयास लावली की ते खोकून खोकून हैराण होते आणि अर्ध्यावरच मान फिरवते. आणि ही कॅप्सूल आपल्या बाजारात सहजासहजी मिळणारी नव्हे, तेव्हा तिच्याविषयी अधिक लिहून कागद खर्ची घालण्यात हशील नाही.

तिसरा प्रकार धावण्याचा. मुलाने सहा ते आठ मिनिटे असे धावावयाचे की पहिल्या दोन मिनिटांतच नाडी चढावी आणि पुढची चार मिनिटे ती कमाल वेगाच्या ८० ते ९० टक्क्यांवर टिकून राहावी. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा वेग मिनिटाला १६८ ते १८९ असा पडतो. नाकाला चिमटा लावावयाचा, म्हणजे हवा नाकातून गाळून, ऊब आणि ओल घेऊन न जाता थेट तोंडावाटे आत जाते. धाव थांबली की खरे काम सुरू होते. एक मिनिटाने फुंकर, मग तीन, पाच, दहा, पंधरा, वीस, तीस मिनिटांनी. धावण्यापूर्वी पहिल्या सेकंदात १.६० लिटर हवा सोडणारा मुलगा धापा टाकत बाकावर येऊन बसतो. दम्याच्या मुलाचे वैशिष्ट्य असे की धावताना तो बहुधा इतरांसारखाच दिसतो आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी, इतर मुले हसूबोलू लागली असताना, त्याची छाती भरून येऊ लागते, खांदे वर चढतात, खोकल्याची एक कोरडी उबळ येते, आणि यंत्राच्या पडद्यावर १.३६ हा आकडा उमटतो. ही १५ टक्क्यांची घसरण झाली. प्रयोगशाळेतील पट्ट्यावर धावताना १० टक्के घसरणही सकारात्मक धरण्याची शिफारस आहे. मोकळ्या मैदानावर १५ टक्के धरणे सावधपणाचे. मग स्पेसर लावून साल्ब्युटामॉलचे दोन-चार झोत दिले की थोड्याच वेळात आकडा मूळपदावर येतो, आणि समोर उभ्या असलेल्या आईबापांना जे दहा वेळा तोंडी सांगून पटले नसते ते डोळ्यांदेखत दिसते: हा दमा आहे, आणि हा पंप त्यावर चालतो.

मॅनिटॉलप्रमाणे धावही श्वासनलिकेस आतून डिवचते. भरभर आत जाणारी कोरडी हवा अस्तरातील ओल हिरावून घेते, आणि जेथे दम्याची दाहक्रिया आधीच दबा धरून बसली आहे तेथेच पेशींतून हिस्टॅमिन, ल्यूकोट्राइन अशी द्रव्ये बाहेर पडून नळ्या आवळतात. म्हणून ही चाचणी सकारात्मक आली की दम्याविषयी फारशी शंका उरत नाही. धाप लागण्याचे प्रत्येक कारण म्हणजे दमा नव्हे, हा विवेक तर आपल्याकडे चरकाच्या काळापासून आहे; त्याने श्वासाचे पाच भेद सांगून श्रमाने उद्भवणारा क्षुद्रश्वास आणि ढगाळ, थंड हवेत बळावणारा तमकश्वास यांना वेगवेगळ्या पंक्तीत बसवले. आजच्या शाळेत हा भेद करणे तितकेच निकडीचे आहे, कारण पी.टी.च्या तासाला धापा टाकणाऱ्या आठवीतल्या मुलीस दमा असेल, तसाच रक्तक्षय असेल, संधिज्वराने हृदयाची झडप बिघडलेली असेल, ऐन धावेत कंठातील स्वररज्जू आखडून घशात आवाज होत असेल, किंवा निव्वळ सरावाचा अभाव असेल. धावल्यानंतर फुंकरीचा आकडा घसरलाच नाही, तर पुढची तपासणी कोणत्या दिशेने न्यावयाची हेही तेथल्या तेथे ठरते. मिथॅकोलिनची चाचणी मुलीस खुर्चीवर बसवून होते. धावेत तिला नेमके काय होते, हे तिच्यात दिसणे शक्य नाही.

आता हवेचा प्रश्न. या चाचणीची अट अशी की आत घेतलेल्या हवेत दर लिटरला १० मिलिग्रॅमहून कमी पाणी असावे. हवा दमट असेल तर दम्याचे मूलही धावून निर्धास्त परत येते आणि निदान चुकते. पोहणे दम्याच्या मुलांना सोसते ते याच कारणाने. परदेशी प्रयोगशाळांत यासाठी कोरड्या हवेची नळकांडी ठेवतात. पण आपल्या भूगोलाकडे पाहावे: एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरास वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि माण तालुक्यातील दहिवडीस तो पाचशेच्या आसपास घुटमळतो, सांगलीतही पश्चिमेस शिराळा चिंब आणि पूर्वेस जत, आटपाडी कोरडी ठणठणीत. ११ अंश तापमानाची हवा पूर्ण भिजलेली असली तरी तिच्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमच पाणी मावते. म्हणजे मार्गशीर्ष-पौषातील सकाळी, जेव्हा पारा दहा-बारा अंशांवर उतरतो आणि हवा पूर्ण भिजलेलीही नसते, तेव्हा माण-खटाव किंवा आटपाडीचे कोणतेही मैदान ही आपोआप तयार झालेली प्रयोगशाळा असते. आषाढात महाबळेश्वरी तेच प्रमाण पंधराच्या वर जाते. तेथे त्या दिवसांत मैदानावर घेतलेली धाव-चाचणी नकारात्मक आली तर तिच्यावर विसंबू नये. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतील पट्टा हाच पर्याय, आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणी असला की पुरे.

हिवाळ्याची एक अडचण मात्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हाच उसाच्या गाळपाचा हंगाम. कृष्णाकाठी शेतोशेती पाचट पेटते, गुऱ्हाळांचा धूर खाली बसतो, कारखान्यांभोवती बगॅसचा बारीक भुसा उडतो, आणि पुढे तासगावकडे बेदाण्यास पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी दिली जाते. अशा हवेत मूल धावले तर घसरण धावेने झाली की धुराने, हे सांगता येणार नाही. तेव्हा मैदान निवडताना वारा कोणीकडून येतो हे पाहिलेच पाहिजे. (त्या धुराचा बंदोबस्त करणे हे आरोग्यखात्याच्या चाचणीहून कितीतरी मोठे काम आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

धावेतही दोष आहेत, आणि ते चाचणी घेणाऱ्याने नीट ओळखले पाहिजेत. दमा असलेली सगळीच मुले धावून आवळत नाहीत, म्हणून नकारात्मक धावेने दमा नाही असे सिद्ध होत नाही. अशा संशयित मुलांपुरती मिथॅकोलिनची सोय मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा कराडच्या कृष्णा वैद्यकीय महाविद्यालयात उभी राहावी, असे मला वाटते. सकाळी शाळेत कवायत करून आलेले मूल दोन-चार तास या चाचणीस दाद देत नाही, कारण एकदा खवळलेल्या पेशींना पुन्हा खवळण्यास अवधी लागतो. त्या दिवशी चहा नको, चॉकलेट नको, सर्दीच्या गोळ्या तीन दिवस आधीपासून बंद. आधीच ज्याची फुंकर अपेक्षेच्या ७५ टक्क्यांच्या खाली आहे त्यास धावावयास लावणे हा अविचार, आणि ज्याचा दमा लक्षणे व साधी चाचणी यांवरूनच उघड आहे त्याचा उपचार धावेसाठी अडवून ठेवणे हा त्याहून मोठा. प्राणवायू, पंप आणि डॉक्टर हजर नसताना केवळ उत्साहाच्या भरात शाळेच्या गुरुजींनी हा प्रयोग करू नये, हेही स्पष्ट सांगितलेले बरे.

धावेची निवड करण्यामागे माझे आणखी एक कारण आहे, आणि ते वैद्यकाहून अधिक या मुलखाच्या स्वभावाशी निगडित आहे. पहाटे पाच वाजता खटाव-माणच्या कोणत्याही डांबरी रस्त्यावर जा. भरतीच्या तयारीची पोरे घड्याळ लावून १६०० मीटर मारताना दिसतील. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली, आणि माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. ज्या मुलखात धावणे ही पोटापाण्याची आणि प्रतिष्ठेची बाब आहे, तेथे ‘तुला दमा आहे, तू धावू नकोस’ हे वाक्य मुलाच्या भवितव्यावर फिरवलेली लेखणी ठरते. आणि ते वाक्य चुकीचेही आहे: १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना श्रमाने उद्भवणारा दमा होता, आणि त्यांनी ४१ पदके मिळवली. त्यांचा दमा आधी मोजला गेला होता, त्यावर औषध ठरले होते, म्हणून ते धावू शकले. उपचार सुरू केल्यावर काही महिन्यांनी हीच धाव पुन्हा घ्यावी आणि १५ टक्क्यांची घसरण ५ वर आलेली मुलास स्वतः पाहू द्यावी. पंप सोडावयाचा नाही हे पटवण्यास त्यापुढे वेगळे व्याख्यान लागत नाही.

यासाठी नवे खाते काढण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांतून फिरत आहेत, आणि त्यांनी शोधावयाच्या तीस विकारांच्या यादीत श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता आधीच नोंदलेली आहे. उणीव आहे ती पुढच्या पायरीची: पथकाने संशयित म्हणून नोंदलेले मूल तालुक्याच्या रुग्णालयात गेल्यावर तेथे त्याच्या छातीस नळी लावण्यापलीकडे काही होण्याची तजवीज हवी. माझी मागणी मर्यादित आहे. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात आणि सांगलीच्या वसंतदादा पाटील रुग्णालयात मुलांच्या धाव-चाचणीचा आठवड्यातून एक दिवस ठरलेला असावा. दहिवडी, वडूज, आटपाडी, जत येथील रुग्णालयांना प्रत्येकी एक हलता स्पायरोमीटर आणि तो चालवण्यास शिकवलेली एक परिचारिका मिळावी. मार्गशीर्ष ते माघ या मुदतीत तेथे सकाळच्या शिबिरांत बालरोगतज्ज्ञांच्या हजेरीत मुले धावावीत, आणि पालकांच्या हाती जाणाऱ्या कागदावर रोगाच्या नावाबरोबर धावण्याआधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे लिहिलेले असावेत. जिल्हा नियोजन समित्यांचे प्रारूप आराखडे दरवर्षी थंडीच्या तोंडावर तयार होऊ लागतात. त्यांत एवढ्या यंत्रांची रक्कम इतर बाबींच्या मानाने इतकी लहान आहे, की ती मंजूर करताना कोणी हरकत घेईल असे वाटत नाही. ती मागणारा अर्ज मात्र कोणीतरी लिहून द्यावा लागेल, आणि तो बालरोगतज्ज्ञांनीच लिहिणे योग्य.